निर्जळी उपोषण आणि लिव्हर

आमच्या घरी चूल पेटवायला चळवळीची उरलेली पत्रकं वापरत, पण आधी वाचून मगच लावायची, असा वडिलांचा नियम होता. मी वाचायला असाच शिकलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात, शिरूर कासारला, टँकरचं पाणी घाण यायला लागलं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पत्रक काढलं: स्वच्छ पाणी मिळेपर्यंत निर्जळी उपोषण, सोमवारपासून. मजकूर माझा होता. रविवारी त्याच पाण्यानं अण्णांना जुलाब लागले.

घोषणा केली म्हणजे केली. सोमवारी ते मांडवात बसले. अकरा वाजेपर्यंत डोळे खोल गेले. पहिल्याच दिवशी माणूस इतका खंगतो म्हणजे तळमळ केवढी असेल, असं लोक म्हणू लागले. अण्णा शौचाला उठले की कार्यकर्ते घोषणा देत, परत आले की पुन्हा देत. त्या दिवशी घोषणांना खंड पडला नाही.

दुपारी दवाखान्यातले तरुण डॉक्टर आले. त्यांनी अण्णांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी आणायला सांगितलं. अण्णांनी नकार दिला. भूक तर मेलीच आहे, त्यामुळे काही जड जात नाही, असंही म्हणाले.

डॉक्टर त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले. आतड्यातून निघालेलं रक्त आधी लिव्हरकडं जातं, ते सांगू लागले. आत रोगजंतू शिरल्याचा निरोप त्या वाटेनं कालच पोचलाय. लिव्हरनं कारभार बदललाय: साठवलेली साखर बाहेर काढायची, ती सरत आली की चरबीवर भागवायचं. भूक मरते तीही या बंदोबस्तातच.

"म्हंजी माझ्या आधी लिव्हर उपोषणाला बसलं," अण्णा म्हणाले. त्यांना ते आवडलं होतं.

"बसलं. पण अण्णा, लिव्हरकडं साखरेचा साठा असतो, पाण्याचा नसतो. असंच चाललं तर किडनी बंद पडेल. मग मी काही करू शकणार नाही."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी तत्त्वाचा विचार करत होतो. आईला तेवढा वेळ नव्हता.

"अवो, पाणी मागायलाच बसलाव ना? मग घ्या की," ती म्हणाली आणि उकळून गार केलेल्या मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या त्यांच्या ओठांना लावला.

अण्णा प्याले. घोषणा कुणीच दिली नाही. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी मला नवं पत्रक लिहायला बसवलं: 'आजचं उपोषण नव्हतं, जुलाब होते. तुम्हाला लागले तर पाणी उकळून, गार करून, मीठ-साखर घालून पीत राहा. मागणी कायम आहे.' मागच्या बाजूला डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिलं.

आमच्या पत्रकांपैकी तेवढं एकच गावात अजून चुलीत गेलेलं नाही.