ओरखडा न पडलेला चष्मा

मेजर कधीच फौजेत नव्हता. तो यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. झुबकेदार मिशा, ताठ मान आणि येईल त्याला 'थांब' म्हणायची सवय, एवढ्या भांडवलावर कामगारांनी त्याला मेजर केलं, आणि निवृत्तीनंतरही ही बढती कुणी काढून घेतली नाही.

स्टोअरमध्ये त्याचं एकच तत्त्व होतं: वस्तू चांगली असेल तर ती वापरायची नाही. नवे हातमोजे, नवे बूट, डोळ्यांना लावायचे नवे चष्मे, जे येईल ते लोखंडी कपाटात जाई आणि किल्ली मेजरच्या कमरेला. तपासणीला साहेब आले की सगळ्यांच्या नाकांवर नवे चष्मे चढत. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मेजर ते पुसून परत घेई. एरवी कामगारांच्या वाट्याला जुने, ओरखडे पडून धुरकट झालेले. त्यांतून धड दिसत नाही म्हणून माणसं ते कपाळावर सरकवून काम करत. असंच एकदा लेथवरून लोखंडाचा कीस उडाला आणि एका तरुण टर्नरचा डोळा गेला. मेजरला वाईट वाटलं नाही असं नाही. "ज्याचं त्याचं नशीब," असं म्हणून तो हळहळला, आणि जाता जाता त्यानं कपाटाचं कुलूप ओढून बघितलं.

निवृत्तीनंतर या गृहस्थाला नेमबाजीचं वेड लागलं. मेजर म्हटल्यावर हातात बंदूक नको? छर्ऱ्याची का होईना! बायकोनं हरकत घेतली नाही. दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहून डब्यांची झाकणं तपासण्यापेक्षा नवरा क्लबात जाऊन कागदाला भोकं पाडत असेल तर ते तिला हवंच होतं. तिची अट एकच होती, चष्मा चांगला घ्यायचा. कारण मेजरचा डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळा कारभार उजव्यावर.

"एकच धड आहे," ती म्हणाली. "त्याचं काही झालं तर मी रोज पेपर वाचून दाखवणार नाही. आत्ताच सांगते."

चष्म्याच्या दुकानात मेजरनं आल्या आल्या सोनेरी काड्यांचा काळा गॉगल चढवला आणि आरशात मिशांना पीळ दिला.

"अहो, तुम्हाला नेम धरायचाय की फोटो काढायचाय?" बायकोनं गॉगल काढून घेतला.

दुकानदारानं मग नीट समजावलं. छर्रा कशावर तरी आपटून उलटा येतो, तेव्हा भिंग दणका सोसणारं हवं, साधी काच चालायची नाही. कडेनं डोळा झाकला पाहिजे, भुवईपाशी फट नको, आणि दणक्याच्या चाचणीची खूण काडीवर कोरलेली असली पाहिजे. बायकोनं ती खूण दिव्याखाली धरून वाचली. मग तिनं मेजरला छत्री बंदुकीसारखी धरून तिच्या दांड्याला गाल टेकवायला लावला, मान हलवायला लावली, भुवईखाली बोट घालून फट चाचपली. बाकीची गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून बघत होती. दोन चष्मे नापास झाले. तिसरा पास झाला.

घरी आल्यावर मेजरनं तो उजेडात धरला. भिंग इतकं स्वच्छ, की मध्ये काही आहे हेच कळेना. आणि तिथेच त्याचा जुना रोग उसळला. असली वस्तू रोजच्या सरावाला? स्पर्धेच्या दिवशी काढू की! चष्मा मऊ फडक्यात गुंडाळून डबीत गेला, डबी कपाटात आणि किल्ली कमरेला. जित्याची खोड, दुसरं काय.

"चष्मा घेतलात?" बायकोनं दारातून विचारलं.

"घेतला," मेजर म्हणाला. कुठला, ते तिनं विचारलं नव्हतं. खिशात स्कूटरवर घालायचा जुना गॉगल होता.

क्लबात चष्म्याशिवाय उभं राहू देत नसत. पण शिकवणाऱ्यानं लांबून बघितलं, नाकावर काहीतरी आहे, आणि हात वर करून परवानगी दिली. मेजरचा नेम चुकला. छर्रा निशाणाच्या लोखंडी चौकटीवर आपटून उलटा आला आणि जुन्या गॉगलची काच फुटून उजव्या डोळ्यात गेली.

डोळा राहिला, नजर गेली. उजेड आणि सावली एवढंच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. बायकोनं त्याच्या कमरेची किल्ली घेऊन घरी जाऊन कपाट उघडलं आणि डबी बघितल्यावर तिला रडू आलं नाही, संताप आला. इतका, की ती डबी घेऊनच दवाखान्यात परतली.

तिथे कारखान्यात डोळा गेलेला तो टर्नर भेटायला आला होता. आता त्याचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान होतं, दिवसभर ठिणग्यांत काम.

"चांगला चष्मा नव्हता का, साहेब?"

"होता," मेजर भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"मग?"

"कपाटात होता."

"आणि किल्ली?"

मेजरचा हात सवयीनं कमरेकडे गेला. 

बायकोनं डबी टर्नरच्या हातात ठेवली. "तुम्ही घ्या. यांना आता काय उपयोग?"

डबी उघडल्याचा आवाज मेजरनं बरोबर ओळखला. पट्टी बांधलेलं डोकं उशीवरून उचलून तो म्हणाला, "जपून वापर हो. ओरखडे पडतील."

टर्नरनं चष्मा तिथंच डोळ्यांवर चढवला. रिकामी डबी मिटली, मेजरचा हात धरला आणि ती त्याच्या तळव्यावर ठेवली.

"ही घ्या, साहेब," तो म्हणाला. "ही जपा."