आदल्या संध्याकाळचा सडा

चौथीनंतर लिहिण्याची सवय तुटली होती, पण तोंडाने न सांगता येणारं हल्ली वहीत लिहून ठेवते.

आमचं घर यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याकडे. हे गेल्यापासून मी इथे एकटीच राहते. संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून. मुलगा पुण्याला चौथ्या मजल्यावर. तिथे महिनाभर राहून पाहिलं. सगळे कामाला गेले की दार आपोआप लागायचं आणि मला ते उघडायची भीती वाटायची. मग मुलाने फोनवर एका वृद्धाश्रमाचे फोटो दाखवले. एका रांगेत खाटा, सगळ्यांवर एकाच रंगाची चादर. पुढच्या खोलीत भाडेकरू ठेवावा, असंही निघालं. पण परक्या माणसासमोर माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

शेवटी शेजारणीने मार्ग काढला. तिच्या नवऱ्याचं मोटारसायकलचं गॅरेज आमच्या भिंतीला लागूनच आहे. ती मुलाला म्हणाली, "भाऊ, मावशीचा सडा रोज पाहून घेत जाईन. सकाळी सडा दिसला म्हणजे मावशी बरी. नाही दिसला तं मी भिंतीवरून उडीच मारतो!" त्या बोलीवर मुलगा मला इथे ठेवून गेला.

थंडी पडली तसे माझे गुडघे सकाळी वाकेनासे झाले. सडा दिसला नाही तर ती मुलाला फोन करणार, आणि तो मला घेऊन जाणार. म्हणून मी संध्याकाळी, अंग मोकळं असताना, पुढचं अंगण झाडून शेणाचा सडा टाकू लागले. सकाळी तो वाळलेला असे, पण भिंतीपलीकडून काय कळणार? दीड महिना निभावलं.

एक दिवस उजाडायच्या आधी मी संडासाच्या शेवटच्या पायरीवरून घसरले. हात अंगाखाली आला, लुगडं गुडघ्यावर गेलं. उठता येईना. उजाडलं. पुढे गॅरेज उघडलं, माणसं हसत होती. एक हाक मारली असती तर सगळे धावले असते. पण मी अशा अवस्थेत, आणि ती सगळी पुरुषमाणसं! मी हळूच "अवं" म्हटलं. ते मलाच ऐकू आलं. ऊन भिंतीवरून उतरून माझ्या तोंडावर आलं, तेव्हा शेजारीण कढीपत्ता मागायला आली.

मनगटाचं हाड चिरलं होतं. मुलगा आला. अंगणात सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला, "भाभी, तुमच्या भरोशावर आईले ठेवलं होतं. सकाळी पाह्यलं काहून नाही?"

"पाह्यलं ना भाऊ. सडा होता."

"आई उजाडायच्या आधी पडली. मग सडा कोणी टाकला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी प्लास्टरकडे पाहिलं. ती निघून गेली.

मुलगा म्हणाला, "खोटं बोलून राह्यली ती. जाऊ दे. मी तुले दिवसभराची बाई लावून देतो, तू इथंच राह्य." मला हवं होतं तेच मिळत होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं मला जन्मभर जमत आलं आहे.

दोन दिवस ती भिंतीवर वरणाची वाटी ठेवून, हाक न देता जात होती. त्या वरणाचा घास तोंडात फिरायचा. तिसऱ्या दिवशी ती वाटी ठेवून वळली तेव्हा मुलगा अंगणातच होता. मी म्हणाले, "सडा खरा होता. आदल्या संध्याकाळचा."

"काहून?" मुलाने विचारलं.

"सकाळी गुडघे वाकत नाहीत."

त्याने पायऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे तू फोनवर 'बरी आहे' म्हणते, तेही आदल्या दिवसाचंच असते का?"

मी पदराने प्लास्टर झाकलं. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "मावशी, तुम्ही तं मले शिळा सडा वाढला!"

माझी बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मुलाने ती उघडू नको म्हणून बजावलं आहे. संडास घरात घेण्यासाठी मिस्त्री येऊन मापं घेऊन गेला. होळीला मुलगा येईल, माझं चालणं पाहील आणि मग मला इथे ठेवायचं की न्यायचं ते ठरवेल. तोवर शेजारणीची अट आहे. सड्यावर तिचा विश्वास उरलेला नाही. रोज सकाळी मी भिंतीपाशी जाऊन मोठ्याने हाक मारायची.

आज पहिला दिवस. मी हाक मारली.

"ऐकू नाही आलं मावशी!"

गॅरेजवरची माणसं हातातलं काम थांबवून पाहू लागली. माझे कान तापले. मागे दारात बॅग दिसत होती. मी भिंत धरली आणि पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज रस्त्यापर्यंत गेला.