थोरल्याची झोप

आमच्या घरच्या प्रत्येक कार्याला येणारा सातपूरचा साउंडवाला ॲम्प्लिफायरांना भावंडं मानायचा. जाड आवाजाचा थोरला, मग मधला, आणि बारीक आवाजाची धाकटी. "आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर यांची आई," तो सांगायचा, "ज्याचं त्याच्या ताटात वाढती."

बहिणीच्या लग्नात मी सकाळपासून "बेस वाढवा" म्हणत त्याच्यामागे फिरत होतो. आत्या मंगलाष्टकं म्हणायला उभी राहिली आणि थोरला गप्प. मी साउंडवाल्याकडे धावलो.

"झोपलाय तो, भाऊ. झोपू द्या."

आत्याचा नाजूक आवाज दरवेळी थोरल्याच्या घुमण्यात बुडायचा. आज शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्दन्‌शब्द पोचला. तिच्यानंतर मी म्हटलेलं कडवं मात्र थोरल्याविना शेळीसारखं बारीक निघालं.

वरातीत थोरला असा दणाणला की आत्यासुद्धा नाचली.

"दुरुस्त झाला वाटतं?" मी साउंडवाल्याला विचारलं.

"बिघडला कधी? आत्याबाई गाणार म्हणून मीच निजवला होता."