पेन्सिलीने भरलेली उत्तरे

तीस वर्षे दुसऱ्यांच्या म्हातारपणाची काळजी वाहणाऱ्या एका गुंतवणूक सल्लागाराची ही हकीकत आहे. त्याचे कार्यालय औषधाच्या दुकानावरच्या माडीवर होते. तेथे एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर महागाईचा चढता आलेख होता. समोर बसलेल्या प्रत्येकाला तो बोटाने आलेख दाखवीत असे.

"महागाई म्हणजे उंदीर. दिसत नाही, पण रोज पोतं कुरतडतो. आज घरखर्चाला दहा लागत असतील, तर वीस वर्षांनी तीस लागतील. आणि पोरांच्या भरवशावर राहू नका. पोरं म्हणजे पेन्शन नव्हे!"

लोक माना डोलवीत आणि सह्या करीत. परंतु लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत झाली होती. सल्लागाराने स्वतःची शिल्लक दोनदा मोडली होती. एकदा मुलीच्या शिक्षणासाठी आणि एकदा याच जागेच्या अनामत रकमेसाठी. वय अठ्ठावन्न झाले होते आणि पेन्शन त्याला नव्हतीच. अलीकडे लोक फोनवरच गुंतवणूक करू लागल्यामुळे जिन्यावर पावलेही वाजेनाशी झाली होती. वर्षाचा भाडेकरार महिनाअखेरीस संपत होता. एखादे मोठे गिऱ्हाईक आले नाही, तर मालकाला किल्ली परत करून घरी बसावे लागणार होते.

अशा वेळी त्याचा थोरला भाऊ निवृत्त झाला.

थोरला पाणीखात्यात चावीवाला होता. कमरेएवढी लोखंडी चावी घेऊन तो गल्लोगल्ली फिरे आणि खड्ड्यात वाकून पाणी सोडे. लहानपणी घरात ठरूनच गेले होते की धाकटा हुशार आणि थोरला ढ. आता त्या ढ माणसाला दर एक तारखेला पेन्शन मिळणार होती. महागाई वाढली की तीही वाढणार होती. शिवाय हातात एकरकमी पैसे आले होते. तेवढे उत्पन्न घरबसल्या मिळायला आपल्याजवळ किती पुंजी हवी, याचा हिशेब सल्लागाराने तीनदा केला आणि तिन्ही वेळा त्याच्या पोटात दुखले. निरोपसमारंभात भावाला मनगटी घड्याळ भेट मिळाले, तेही त्याच्या डोळ्यांत खुपले. ज्याला आता कोठेही वेळेवर जायचे नाही, त्याला घड्याळ कशाला?

आणि मग भावाचा फोन आला. "पैसे कुठं ठेवायचे ते तूच सांग बाबा. मला काय त्यातलं कळतंय?"

पंधरा वर्षे रक्कम अडकून राहील अशी एक योजना सल्लागाराजवळ होती. तिचे कमिशन वर्षाच्या भाड्याइतके होते. 'पैसे वाढतील, भावाचे भलेच होईल,' असे त्याने मनाला बजावले. पण खरे सांगायचे तर भावाला पंधरा वर्षे त्या पैशांना हात लावता येणार नाही, ही गोष्टच त्याला अधिक गोड लागली.

गिऱ्हाइकाला सात प्रश्न विचारून मगच सल्ला द्यावा, असा नियम होता. सल्लागार ती उत्तरे अगोदरच पेन्सिलीने भरून ठेवी आणि गिऱ्हाईक त्यांवरून पेन फिरवी. भावाचा कागद भरताना तो एकदाही अडखळला नाही. भावाचे सुख त्याला तोंडपाठ होते.

ठरल्या दिवशी भाऊ आणि वहिनी जिना चढून आले. सल्लागाराने पंधरा वर्षांची योजना थोडक्यात सांगितली आणि प्रश्नांचा कागद पुढे सरकवला. भावाने चष्मा लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागला.

"'तुमच्यावर कोण अवलंबून आहे? कोणी नाही.'" त्याने वर पाहिले. "अरे, मग तुझ्या पुतण्याचं घर कोण चालवतंय? त्याचा कारखाना बंद पडून वर्ष झालं."

"मला नाही बोललास कधी, दादा."

"तू घरी येतोस तेव्हा तूच बोलतोस. बाजार वर गेला, बाजार खाली आला. मधे शिरायला फट मिळाली तर ना!" त्याचे बोट पुढे सरकले. "'रक्कम पाच वर्षांत लागेल काय? नाही.'"

"अहो भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करायचीत. डॉक्टरांनी चार महिन्यांच्या आत करायला सांगितलंय. का पंधरा वर्षांनी करू? पंचाहत्तरी झाल्यावर लंगडी खेळतील!"

"'बाजार पडला तर झोप लागेल काय? शांत लागेल.'" येथे मात्र भाऊ मोठ्याने हसला. "छत्तीस वर्षं पहाटे तीनला उठलो. अजून तीनला टक्क जागा होतो आणि नळाचा आवाज ऐकत पडतो. नव्या माणसानं पाणी सोडलं का नाही, याची काळजी मलाच!" त्याने चष्मा काढला. "हा कागदावरचा माणूस फार सुखी आहे रे. मलासुद्धा याचा हेवा वाटतोय."

सल्लागाराची मान खाली गेली.

"पण तू शिकलेला आहेस," असे म्हणून भावाने खिशातून पेन काढले. "तू म्हणशील तिथं सही करतो. दाखव."

योजनेचा अर्ज सल्लागाराच्या हाताखालीच होता. क्षणभर त्याला भाडेकरार दिसला, किल्ली दिसली. मग त्याने अर्ज खणात सारला आणि खोडरबर घेतले. रबर जुने, कडक झालेले होते. कागद काळा झाला, एका ठिकाणी फाटलाही. त्याने सातही प्रश्न पुन्हा विचारले आणि भाऊ सांगेल तेच लिहिले.

"गुडघ्यांचे पैसे खात्यातच राहू देत. उरलेल्याची बँकेत मुदत ठेव कर आणि महिन्याला व्याज घे. दुसरं काही नको."

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या. "अहो, हे फोनवर सांगितलं असतं तर यांचा जिना वाचला असता!"

"तुला रे काय मिळणार यात?" भावाने विचारले.

"मला काय... तुम्ही आलात, चहा झाला."

भाऊ कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. तो आवाज सल्लागार शेवटपर्यंत ऐकत राहिला. आता मन हलके व्हावयास हवे होते, पण झाले नाही. दर एक तारखेला पैसे भावाच्याच खात्यात जमा होणार होते.

त्याने मालकाला फोन करून जागा सोडत असल्याचे कळविले. मग घराच्या पुढच्या खोलीत टेबल मावेल की नाही, हे पाहण्यासाठी तो ते वितीने मोजू लागला. सहाव्या वितीला त्याच्या मनात आले की दादाची पुढची खोलीसुद्धा आपल्यापेक्षा मोठी आहे.