बाजाराच्या दिवशी एक पुडी

"वास घे, मंग भाव कर," म्हणत बाई झिंग्यांची चिमूट थेट गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायच्या. ब्रह्मपुरीकडच्या आठवडी बाजारात तुम्ही फिरला असाल, तर सुक्या मासोळीच्या दुकानावर अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. नाक मुरडणाऱ्याला त्या सोडत नसत. "घरी बोटं चाटशीन, आता काऊन तोंड वाकडं करतं?"

माझी त्यांची ओळख मात्र माझ्या औषधांच्या दुकानात झाली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. फार्मसीची पदवी काचेत मढवून काउंटरमागे लावली होती. बाईंना वाचता येत नव्हतं. पदवीकडे बघून त्या म्हणाल्या, "यवढी मोठी फ्रेम, अन् तुहा फोटोच नाई?"

तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने त्यांच्या गालात कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या लिहिल्या होत्या, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या. मी समजावलं, की पेशीला वाढायला फॉलिक आम्ल लागतं आणि ही गोळी दिसायला अगदी त्याच्यासारखी. पेशी फसते, हिलाच धरते, वाढ अडते. पण भराभर वाढणारं सगळंच त्यात सापडतं. तोंडाची आतली कातडी, रक्त तयार करणारी मज्जा, कधी केससुद्धा.

"म्हंजे चोरासंगं घरच्याइलेही मार," बाई म्हणाल्या.

इतकं चोख मला कॉलेजातही कोणी सांगितलं नव्हतं.

महिन्याच्या गोळ्यांच्या चार पुड्या बांधल्या. वार ध्यानात राहावा म्हणून सगळ्यांना सांगतो तसंच सांगितलं, "बाजाराच्या दिवशी एक पुडी."

पाचव्या दिवशी बाई परत आल्या. ओठ सुजलेले, तोंडभर फोड, पाणीही गिळवत नव्हतं. "भाऊ, पुड्या सरल्या."

"चारही?"

"तूच त सांगतलं ना. सोमवारी एका गावचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या. माहा त रोजच बाजार रायते."

मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे धावलो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. त्यांना चंद्रपूरला हलवलं. उतारा म्हणून फोलिनिक आम्लाची इंजेक्शनं सुरू झाली. आठ दिवस दुकान बंद ठेवून मी वॉर्डाबाहेर बसलो. बाई काय विकतात ते मला ठाऊक होतं. कुठे, कोणत्या वारी विकतात, हे शिकलेल्या माणसाने विचारलंच नव्हतं.

त्या बोलायला लागल्यावर मी म्हणालो, "चूक माझी आहे, बाई. तक्रार करायची असेल तर करा."

"करीन ना. पयले इथच्या वरणाची करू दे. ते जास्त वंगाळ हाय."

मग गोळीसाठी रविवार ठरला, विहारात वंदनेचा वार. वंदना आटोपली की सुनेच्या फोनवरून कळवायच्या, "घेतली रे. आता सात दिवस नाव नाई काढत." असे दीड वर्षाचे रविवार मिळाले. मग गाठ मानेत उतरली, आणि एका रविवारी फोन आला नाही.

काही दिवसांनी सून उरलेल्या दोन पुड्या घेऊन आली. "सासूनं सांगतलं, दुसऱ्या कोनाच्या कामी येतीन." परत आलेल्या गोळ्या कोणाला देता येत नाहीत, हे मला तिला सांगवलं नाही.

ती गेली तेव्हा काउंटरपुढे एक म्हातारे गृहस्थ चिठ्ठी धरून उभे होते. तीच गोळी, आठवड्यातून एकदा. मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा भाऊ. सोमवारपासून सांगा, कुठे कुठे जाता?"