शेवटची खोली

येशूचा शिष्य, प्रेषित थोमा भारतात जिथं जिथं फिरला त्या ठिकाणांची यात्रा काढायचं खूळ माझंच. शाळेतून निवृत्त झाले होते, वेळ होता. उमरग्याहून सोलापूर, तिथून रेल्वेनं चेन्नई, मग केरळ, असा मार्ग मी आखला. आमच्या प्रोटेस्टंट चर्चमधले काही जण म्हणाले, "ती कॅथलिकांची ठिकाणं, आपलं काय काम?" मी रविवारच्या उपासनेनंतर उभी राहून सांगितलं की, थोमा आला तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ही भांडणं जन्मलीही नव्हती. लोक हसले. नावं येऊ लागली.

पहिलं नाव मावशींचं. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आयाचं काम केलेलं. आमच्या चर्चच्या मंडळीतली निम्मी पोरं जन्मली तेव्हा त्यांच्याच हातात आली. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. दर रविवारी विचारायच्या, "बाई, थोमा नावंतूनच आला म्हणायचं? त्याला भ्या नसंल वाटलं?"

चेन्नईच्या यात्रीनिवासात बायकांसाठी तीन-तीन कॉटच्या खोल्या फोनवरून आधीच ठरवल्या. मी यादी करून सगळ्यांना कळवली. चर्चच्या कमिटीतल्या एका पंचाची बायको, तिची नणंद आणि मावशी, अशी एक खोली.

दुसऱ्याच दिवशी पंच घरी आले. निवृत्त कारकून, बोलणं मऊ. चहा झाल्यावर म्हणाले, "बाई, यादीत थोडा बदल करा. मावशीचं दुसरीकडं बघा."

"का? घोरतात का त्या?"

"तसं न्हाय. तुम्ही आपल्यातल्याच आहात, तुम्हाला काय सांगायचं? बायकांना सवय नसती."

मला कळलं. आमची मंडळी गावकुसाबाहेरच्या दोन जातींमधून ख्रिस्ती झालेली. आमची माणसं जास्त, मावशींची मोजकी. चर्चमध्ये आम्ही एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतो. सोयरीक मात्र अजून आपापल्यातच. आणि झोपण्याची खोलीही, हे मला त्या दिवशी कळलं. खरं तर आधीपासून माहीत होतं. फक्त कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं.

मी दुसऱ्या खोलीतल्या बायकांना विचारलं. एकीला रात्री दिवा लागतो, दुसरीला आपल्या जावेबरोबरच राहायचंय. एकीनं फोनच उचलला नाही.

राहिली माझी खोली. मी आणि माझी धाकटी बहीण, तिसरी कॉट रिकामी. बहीण म्हणाली, "ताई, चार दिवस सुखानं जाऊ दे की." मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

जिन्याजवळची एक लहान खोली मी मावशींच्या नावावर घेतली आणि सांगायला गेले. "तुमचं वय झालं, मावशी. तुम्हाला निवांत झोप लागावी म्हणून स्वतंत्र खोली घेतलीय."

त्या शेंगा निवडत होत्या. हात थांबला.

"मला एकटीलाच?"

"हो."

"बाकीच्या म्हाताऱ्यांलाबी एक-एक हाय का?"

मी म्हटलं, "खोल्या कमी आहेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा शेंगा निवडायला लागल्या. निघायच्या आठवड्यात निरोप आला, गुडघे दुखायलेत, येणं होत न्हाय.

आम्ही गेलो. थोमाच्या डोंगरावर आमच्या पाळकांनी बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक काढलं आणि 'विश्वास ठेवणारे सगळे एकत्र होते' ते वाक्य वाचलं. पंचांनी डोळे मिटून "आमेन" म्हटलं. मीही म्हटलं. समुद्रावर सगळ्यांनी फोटो काढले. मी परत बसमध्ये जाऊन बसले.

परतल्यावर मावशी चर्चला येईनाशा झाल्या. हायवेपलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटी प्रार्थनासभा भरते, तिकडं जाऊ लागल्या. आमच्यात कुणीही विचारलं नाही. पंच एवढंच म्हणाले, "त्यांना तिकडं बरं वाटत असंल."

वर्षभरानं आठवडी बाजारात भेटल्या. मी "जय ख्रिस्त" म्हटलं. त्यांनीही म्हटलं. तिथंच भाजीच्या पाट्यांमध्ये मी सगळं सांगून टाकलं. पंच आले होते, बायकांनी नाही म्हटलं, माझ्या खोलीत जागा होती तेही.

मावशी म्हणाल्या, "ते मला तवाच कळलं व्हतं. तुमी येऊन सांगताल म्हणून वाट बघितली. लई दिवस बघितली."

"आपण दोघीच जाऊ, मावशी. मी नेते तुम्हाला."

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. मग भाजीवालीकडं वळून मेथीची जुडी उलटीपालटी करू लागल्या. मी थोडा वेळ उभी राहिले. त्यांनी परत वळून पाहिलं नाही.