तिसऱ्या मजल्यावरचं वाचनालय

नगररचनेच्या कार्यालयात मी नकाशे काढायला लागलो तेव्हा रंग एकमेकांत मिसळणं गुन्हाच होता. घरं पिवळी, दुकानं निळी, सार्वजनिक इमारती लाल. साहेब म्हणायचे, "खिचडी नहीं चाहिए." काही वर्षांनी तेच साहेब एका प्रशिक्षणाहून परतले आणि म्हणाले, "अब सब एक छत के नीचे." आता शहराला खिचडीच हवी होती.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, रांझी वस्तीत, मराठी मंडळींचं एक बैठं वाचनालय होतं. सकाळी पेपर, दुपारी बायकांचं शिवण, संध्याकाळी कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी. बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रोज तिथे जायचे. मोतीबिंदूमुळे ज्यांना दिसत नसे, त्यांना नागपूरचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकाच खोलीत वेळा वाटून सगळं चालायचं. आमच्या कार्यालयानं ती पाडली आणि वेळांऐवजी मजले वाटले. खाली दुकानं, पहिल्यावर वॉर्ड ऑफिस, दुसऱ्यावर लग्नाचा हॉल, तिसऱ्यावर वाचनालय. नकाशा माझा.

आमच्या कामात एक रीत आहे. जे आज देता येत नाही, ते तुटक रेषांनी दाखवायचं. लिफ्ट मी तशीच दाखवली. नंतर साहेबांनी विचारलं, "यहाँ एक दुकान और निकलेगी क्या?" निकलेगी, म्हणालो, आणि रेषा पुसल्या. कुणी धमकावलं नव्हतं, मला काही मिळालंही नाही. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, एवढंच.

बाबांचे गुडघे तेव्हाच गेले होते. मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. आम्ही एकाच घरात राहतो.

उद्घाटनाला त्यांना दोघांनी धरून वर नेलं. त्यानंतर ते गेले नाहीत. आता पेपर घरी येतो, पण मोठ्यानं वाचत नाहीत. कुणासाठी वाचणार?

"लिफ्टचं काय झालं रे?" दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायचे.

"फाइल चालू आहे, बाबा."

"अच्छा! माझ्यापेक्षा बरी चालते बा तुमची फाइल."

दोन वर्षं मी हेच उत्तर दिलं. गेल्या रविवारी जेवताना सांगून टाकलं. फाइल नाहीच. लिफ्टच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि ती जागा मी दिली.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "काहून?"

"साहेब म्हणाले..."

"साहेबाचं राहू दे. आता तू काय करून राहिला, ते सांग."

वाचनालय तळमजल्यावर आणा, असा अर्ज करता येतो. पण त्यात लिफ्ट का नाही हे लिहावं लागतं, आणि नकाशावर सही माझी आहे. सोमवारी सगळं खरं लिहिलं. कागद पिशवीत घातला. साहेबांच्या दारापर्यंत रोज जातो आणि दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचं विचारून परत येतो.

काल बाबांनी विचारलं, "दिला का अर्ज?"

"नाही," म्हणालो. निदान तेवढं खरं बोललो.

ते भिंत धरून उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.